रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी

(संघाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात संकेश्वर येथे झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मला दहा मिनिटे बोलायला सांगितले आहे. मी जन्मभर शाळेत शिकवले. पंचेचाळीस मिनिटांचा तास घेणाऱ्या माणसाला दहा मिनिटे देणे म्हणजे उपाशी माणसाला बडीशेप देण्यासारखे आहे. तरी आवरते घेण्याचा प्रयत्न करतो.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या गावात तीन दिवसांचा वारसा उत्सव भरवावा, त्यात गावातल्या सगळ्या समाजांचे गाणे-बजावणे, खाणे-पिणे आणि जुन्या ठिकाणांच्या फेऱ्या असाव्यात, असा विचार गावातल्या काही तरुण मुलांनी मांडला आहे. मुले सगळ्या जातिधर्मांची आहेत. ती आपल्या संघाकडेही आली. आणि आपल्या बैठकीत यावर चांगलीच वादावादी झाली. एक पक्ष म्हणाला, जाऊ या. दुसरा पक्ष म्हणाला, गेलो तर आपण इथे सुखाने नांदतो आहोत असा अर्थ निघेल आणि साठ-सत्तर वर्षांच्या लढ्यावर पाणी पडेल. दोन्ही बाजूंना माझ्या वयाची माणसे होती, आणि दोन्ही बाजूंना तळमळ होती. म्हणून हा विषय हसण्यावारी नेता येणार नाही.

आधी आपले दुखणे मोकळेपणाने बोलू. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस सीमाभागातली मराठी माणसे आजही काळा दिन म्हणून पाळतात. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ साली त्याने अहवाल दिला. निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ गावे कर्नाटकाला, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळे आपल्याला पाठ आहे, पण आपल्या नातवंडांना नाही. त्या दाव्याचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. उत्सवात कुणी भाकरी-पिठले खाल्ले म्हणून दावा हरला, असे जगाच्या पाठीवर कधी घडलेले नाही.

माझी भीती वेगळी आहे. ती एका प्रसंगातून सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात एका सार्वजनिक कार्यक्रमात स्थानिक इतिहासाचे फलक लावले होते. मराठीचा एक शब्द नव्हता, आणि मराठी माणसांनी इथे काही केले याचा उल्लेखही नव्हता. मला राग आला. मी पुढच्या वर्षी गेलो नाही. वाटले, आपण नसल्याचे कुणीतरी विचारील. कुणी विचारले नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की रुसायला सुद्धा कुणीतरी समजूत काढणारे लागते. रिकाम्या खुर्चीवर दुसरा माणूस बसतो, आणि थोड्या दिवसांनी ती खुर्ची त्याचीच होते.

आता या मुलांनी जे मागितले आहे ते नवे आहे का, ते पाहू. मला तर त्यात नवे काही दिसत नाही.

मिरज इथून काही फार लांब नाही. तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिला असेल. त्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. आणि त्याच दर्ग्यात संगीत सभा होते, ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैराना गावचे. ते मिरजेत स्थायिक झाले, मीरासाहेबांपुढे सेवा म्हणून गात राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना आणून मिरजेतच दफन केले. तेव्हापासून मोठमोठे गवई तिथे येऊन हजेरी लावतात. तिकीट नाही, बिदागीची घासाघीस नाही.

या खाँसाहेबांचे शिष्य कोण? कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व. धारवाडकडचा कानडी मुलखातला माणूस, आणि नाव गाजले ते मराठी रंगभूमीवर. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, जन्म गदगचा, १९२२ चा. मराठी माणसाच्या घरात आषाढीला अभंग लागतात ते त्यांच्या आवाजात. गंगूबाई हनगल त्याच गुरूच्या शिष्या. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई होती. आणि कुमार गंधर्व? बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म, कानडी लिंगायत घरातले. त्यांचे गाणे माळव्याच्या मातीत रुजले आणि मराठी घरांनी त्यांना डोक्यावर घेतले.

आता विचार करा. खाँसाहेब उर्दू बोलणारे, शिष्य कानडी, श्रोता मराठी. आणि हातातला तंबोरा मिरजेच्या सतारमेकरांनी केलेला. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या एका तंबोऱ्यातून मराठी तार कुठली आणि कानडी तार कुठली, हे कुणी मला वेगळे काढून दाखवावे.

नाटकाचेही तेच. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. तिथून आपण मराठी नाटकाचा जन्म धरतो. त्याआधी सांगलीच्या राजेसाहेबांपुढे कानडी मुलखातल्या भागवत मंडळींनी खेळ केला होता, आणि तसे काही मराठीत करा अशी राजेसाहेबांनी भाव्यांना आज्ञा केली. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. आणि साहित्यात? धारवाडचे द. रा. बेंद्रे, ज्यांना कानडी काव्यासाठी १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले, त्यांच्या घरची भाषा मराठी. त्याच धारवाडात कॉलेजात इंग्रजी शिकवत बसलेले जी. ए. कुलकर्णी मराठी कथेला कुठल्या कुठे घेऊन गेले. त्यांचा जन्म चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा. एकाच गावात मराठी घरातला माणूस कानडीचा महाकवी होतो आणि दुसरा माणूस मराठीचा श्रेष्ठ कथाकार. हे आपल्या मुलखातच घडते.

मी हे का सांगतो? कारण आपल्यातले काही जण ‘बहुभाषिक वारसा’ म्हटले की दचकतात. त्यांना वाटते, हा आपल्याला विरघळवून टाकण्याचा डाव आहे. मी म्हणतो, वारसा सामायिक आहे हे सत्य आहे. पण सामायिक म्हणजे बेनावाचा नव्हे. सामायिक विहिरीला सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची नावे असतात. नाव गाळले की मग ती विहीर सामायिक राहत नाही. भांडायचे असेल तर ते नावासाठी भांडू या. विहिरीवर जायचेच नाही, असे म्हणून तहान भागत नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. नदीने कधी नाका पाहिला नाही. आपल्या गावात शंकरलिंगाचे जुने दगडी देऊळ आहे, शंकराचार्यांचा मठ आहे. त्या पीठाचे नावच संकेश्वर-करवीर पीठ. म्हणजे १९५६ साली ज्या दोन गावांच्या मध्ये सीमा आली, ती दोन्ही नावे त्या पीठाने एका जोडशब्दात बांधून ठेवली आहेत. गावाशेजारी हरगापूरचा वल्लभगड आहे. पलीकडे निडसोशीचा लिंगायत मठ आहे. हुक्केरीला आदिलशाही काळातले घुमट आहेत. आणि हिडकलच्या धरणात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठलाचे देऊळ, ते पाणी फार ओसरले की उन्हाळ्यात वर येते. २०२३ साली आले होते, तेव्हा माणसांची रीघ लागली. त्या विठ्ठलाला संतांनी कानडा म्हटले आणि वारी मात्र मराठी चालली. त्यावर दोन्ही भाषांतल्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले. बाई-माणसाने मात्र कुठल्या भाषेत हात जोडायचे, असा प्रश्न कधी विचारला नाही.

निपाणीला उरूस भरतो. त्या दर्ग्याचे संस्थापक म्हणून ज्यांचे नाव आजही घेतात ते संत बाबा महाराज चव्हाण. पीर मुसलमानांचा, संस्थापक मराठा. कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथांची भाकणूक ऐकायला दोन्ही राज्यांतून माणसे येतात, धनगरांचे ढोल दणाणतात. चिंचलीच्या मायाक्काला कोल्हापूर-सांगलीकडचे लोक बैलगाड्या जुंपून जातात. सौंदत्तीच्या यल्लम्माला तर आपण ‘सौंदत्तीची यल्लुबाई’ करून टाकले. त्याच सौंदत्ती तालुक्यात हिरेबिदनूर नावाचे गाव आहे. तिथे मुसलमानाचे एकही घर नसताना गावकरी मोहरम पाळतात, हे २०२२ साली वृत्तपत्रांनी छापले. वृत्तपत्रांना त्याचे नवल वाटले, पण आपल्या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटले नाही.

म्हणजे उत्सव आहेच. फक्त तो विखुरलेला आहे, आणि तो ज्यांच्या अंगवळणी होता ती पिढी आता उठून चालली आहे.

आता खाण्याकडे येतो, कारण मागे बसलेली मंडळी चुळबुळ करू लागली आहेत. आपल्या गावाचे नाव महाराष्ट्रात घराघरात पोचले ते एका मिरचीमुळे. लांब, बारीक, लाल आणि झणझणीत संकेश्वरी. गडहिंग्लजच्या बाजारात तिचे सौदे निघतात. लहानपणी आमच्या वाड्याच्या परड्यात उन्हाळ्यात मिरच्या वाळत पडायच्या. देठ खुडायला सगळ्या आळीच्या बायका यायच्या. शेजारच्या लिंगायत घरातल्या अज्जी, पलीकडच्या मुसलमान चाची, आमच्या आजी आणि काकी. कानडी, मराठी आणि दखनी अशा तीन भाषांत एकाच वेळी खोकला आणि ठसका चालायचा. मिरची डंकात घालण्याआधी आजी नेहमी सांगायची, रंगाला ब्याडगी घाल, तिखटाला संकेश्वरी. ब्याडगी हावेरीकडची. तिला २०११ साली मानांकन मिळाले. ती दिसायला लाल भडक, पण जिभेला सौम्य. संकेश्वरी जिभेला चटका देते, पण एकटीने तिचा रंग तितका खुलत नाही. दोन्ही घातल्याशिवाय ‘कोल्हापुरी’ चटणी होत नाही. बरे, दोन्ही मिरच्या कर्नाटकातल्या गावांच्या नावाच्या, आणि चटणी कोल्हापूरची! यात कुणी कुणाला गिळले? ब्याडगी ब्याडगीच राहिली, संकेश्वरी संकेश्वरीच राहिली. दोघींची नावे आजही पोत्यावर वेगवेगळी लिहितात.

मला या उत्सवात तसे हवे आहे. पोत्यावरची नावे पुसायची नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की संघाने या उत्सवात जावे, पण हात जोडून पाहुणा म्हणून जाऊ नये. आपल्या अटी आधी बोलाव्यात, आणि त्या चार आहेत.

पहिली अट फलकांची. प्रत्येक ठिकाणी कानडी असेल, ते असायलाच हवे. त्याबरोबर मराठी असावे, आणि जिथे दर्गा आहे तिथे उर्दूही असावे. कायद्याची भीती कुणी घालू नये. २०२४ साली कर्नाटकाने फलकांवर साठ टक्के कानडी हवी असा नियम केला. साठ म्हणजे शंभर नव्हे. उरलेल्या चाळीसात आपले दोन शब्द सुखाने बसतात. आणि आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या २९व्या कलमाने आपल्याला दिला आहे. तो कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही.

दुसरी अट फेऱ्यांची. गाव दाखवणारी मुले दोन-दोनच्या जोडीने असावीत. एक कानडी घरातला, एक मराठी घरातला. मठाची गोष्ट कानडी मुलाने सांगावी, घुमटाची मराठी मुलीने. ज्याचे त्याने सांगितले की त्याची बढाई होते. दुसऱ्याचे सांगायला लागले की आधी शिकावे लागते.

तिसरी अट गाण्याची. चित्रपटाची गाणी मोठ्या भोंग्यावर वाजवून उत्सव साजरा करू नये. ओव्या, कानडी जनपद गीते, श्रीकृष्ण पारिजात, भजन, कव्वाली, धनगरी ढोल असे जे आपल्या पंचक्रोशीत अजून जिवंत आहे, ते पहिले. श्रीकृष्ण पारिजात हा खेळ गोकाक भागातल्या कुलगोड-कौजलगीने नावारूपाला आणला. तो आपल्यापैकी किती जणांनी पुरता पाहिला आहे? मी सुद्धा रात्रभर जागून एकदाच पाहिला, आणि भाषा अर्धीमुर्धी कळूनही रडलो.

चौथी अट आपल्याला स्वतःलाच घालून घ्यायची आहे, आणि तीच अवघड आहे. आपण काय घेऊन जाणार? भगवा झेंडा आणि महाराजांचा पुतळा एवढाच आपला वारसा आहे का? महाराज आपल्या हृदयात आहेतच. पण तुमच्या माळ्यावरच्या पेट्यांत काय आहे ते कधी पाहिलेत? आमच्या घरी मोडीतल्या कागदांची एक ट्रंक होती. वतनाचे कागद, पंचनामे, देण्याघेण्याच्या वह्या, लग्नाच्या याद्या. माझ्या वडिलांना मोडी येत होती, मला अर्धवट येते, माझ्या मुलाला येत नाही. २०१९ च्या महापुरात हिरण्यकेशीचे पाणी आले तेव्हा आम्ही आधी टीव्ही वर नेला, मग तांदूळ वर नेले, मग गाद्या. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली, तर कागदांचा लगदा झाला होता. त्यात काय लिहिले होते ते आता कुणालाच कळायचे नाही. हे नुकसान कुठल्या सरकारने केले नाही, कुठल्या आयोगाने केले नाही. माझ्या हातून झाले. आपल्या भाषेचा कागद मला गादीपेक्षा हलका वाटला.

म्हणून उत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक घराने आपली पेटी उघडावी. मोडी वाचणारे दोन-चार जाणते कोल्हापुराहून बोलवावेत, तीन दिवस एका खोलीत बसवावेत, आणि ज्याच्या घरी कागद आहे त्याने तो आणून वाचून घ्यावा, त्याचे फोटो काढून ठेवावेत. तुम्हाला सांगतो, त्या कागदांत निम्मी नावे गौडांची आणि देसायांची निघतील, मुल्लांची आणि शेट्टींची निघतील. मराठी मोडीतले कागद कानडी घरांच्याही माळ्यावर पडून आहेत, आणि त्यांनाही ते वाचता येत नाहीत. त्या खोलीत शेजारी आपल्याकडे काही विचारायला येईल. कितीतरी वर्षांनी तो आपली भाषा ऐकायला येईल. मला यापेक्षा मोठा उत्सव माहीत नाही.

आता आक्षेप घेणाऱ्यांना एक शब्द. मला त्यांच्या भावनेचा आदर आहे. या लढ्यात माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, जीव दिले. तो हिशेब कुणी मिटवू शकत नाही, आणि मिटवू नये. पण ज्या मराठीसाठी हे केले ती मराठी आज आपल्या घरात कुठे आहे, हेही बघायला हवे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात सांगितली आहे. ती सोय मागायला आपण निवेदने देतो, आणि निवेदनावर सही करून आपला नातू इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतो. मीही बसवला. माझा नातू मराठी छान बोलतो, पण मराठी फलक वाचताना अडखळतो. मग फलकासाठी भांडून तो वाचणार कोण?

मुले भाषा शिकतात ती तिचा मान पाहून. ज्या भाषेत गावाची गोष्ट सांगितली जाते, ज्या भाषेत चार लोक टाळ्या वाजवतात, ती भाषा त्यांना शिकावीशी वाटते. माझा नातू या फेऱ्यांत वाटाड्या व्हायला तयार झाला आहे. त्याच्या जोडीला एक कानडी घरातली मुलगी आहे. परवा दोघे माझ्याकडे आले, शंकरलिंगाची माहिती विचारायला. मी मराठीत सांगितले. तिने कानडीत लिहून घेतले. नातवाने वही पुढे केली आणि म्हणाला, ‘आबा, मला मराठीत लिहायचंय, जरा सावकाश सांगा.’

अध्यक्षमहाराज, दहा मिनिटे केव्हाच संपली, मला कल्पना आहे. ठराव तुमच्यापुढे आहे. मी त्याच्या बाजूने हात वर करणार आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जरूर करावा. पण घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी मात्र आज रात्रीच उघडावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.